सतरा एकर आयुष्य

अण्णा भाकरी नेहमी कडेनं खायचे. गोल फिरवत आधी काठ संपवायचे, मग मधल्या मऊ भागाकडे वळायचे. डब्याच्या वेळी कचेरीत नव्यानं आलेल्या कुणी विचारलंच तर म्हणायचे, "हद्द अगुदर कायम करावी. मधलं कुठं पळून जात न्हाई." हे सांगताना त्यांच्या चेहऱ्यावर हसू नसायचं. त्यामुळे आपण हसावं की हे वहीत लिहून घ्यावं, ते नव्या माणसाला कळायचं नाही. मी लिहून घेतलं होतं.

मी तेव्हा तालुक्याच्या कचेरीत, मोजणी खात्याच्या रेकॉर्ड खोलीत नुकतीच लागले होते. आमचा तालुका बीदर जिल्ह्यातला, महाराष्ट्राच्या शिवेला चिकटलेला. कचेरीचं काम कानडीत, जुने कागद उर्दूत आणि मोडीत, आणि भांडणं मराठीत. अण्णा तिथले सगळ्यात जुने मोजणीदार. माझ्याहून पंचवीस वर्षांनी मोठे, तरी मला 'अक्का' म्हणायचे. साहेबाशी कानडी बोलायचे, शेतकऱ्याशी मराठी, आणि पुरते हादरले तरच दखनी उर्दू. त्यांची दखनी मी दोनदाच ऐकली. पहिल्यांदा, कचेरीत ड्रोन आला तेव्हा. कलबुर्गीहून आलेला एक तरुण मोजणीदार कौतुकानं सांगत होता, की आता रानात चालायचं कामच नाही, सगळं वरून दिसतं. अण्णा त्या यंत्राकडे बराच वेळ बघत राहिले आणि म्हणाले, "ऊपर से बांध दिखता. बांध पो का झगडा दिखता क्या रे?" दुसऱ्या वेळचं पुढे सांगते.

त्यांचं पाऊल अडीच फुटांचं होतं, ना इंच कमी ना इंच जास्त. तीसएक वर्षं साखळीच्या मागं चालून पायांना ती सवयच लागली होती. घर ते चहाची टपरी किती पावलं, टपरी ते बस स्टँड किती, हे ते विचारल्याशिवाय सांगायचे. पुतण्यासाठी मुलगी बघायला गेले, तर मुलगी ट्रे घेऊन बाहेर येईपर्यंत यांची बैठकीची लांबी-रुंदी पावलांनी मोजून झाली होती. वर तिच्या वडिलांना म्हणाले, "उत्तरंकडची भिंत शेजाऱ्यात दीड फूट गेलीया." तेवढ्यावर भागलं असतं. पण पुढे आलेला चहा त्यांनी घेतला नाही, आणि सोयरीक मोडता मोडता राहिली.

चहाचा त्यांचा नियम सगळ्या तालुक्याला माहीत होता. मोजणीच्या दिवशी अण्णा दोन्हीकडच्या कुणाच्याच घरचं काही घ्यायचे नाहीत. चहा नाही, ताक नाही, पाणीसुद्धा नाही. घरून थर्मास आणायचे आणि बांधाच्या बरोबर मधोमध उन्हात बसून प्यायचे, कारण झाड म्हटलं की ते कुणाच्या तरी बाजूला असतं. पुतण्याच्या वेळी काकूंनी, म्हणजे त्यांच्या बायकोनं, घरी आल्यावर चांगलं फैलावर घेतलं. तर हे म्हणाले, "मुलीकडचं आन मुलाकडचं, दोन पार्ट्या झाल्याच की." काकू मला सांगायच्या, "माझ्या माहेरला बी थर्मास घिऊन आले व्हते गं."

आणि त्यांची पिशवी. ती मी पहिल्यांदा उघडली तेव्हा घाबरलेच होते. मोजपट्टी, खुंट्या, एक काळी पडलेली चिंधी, रॉकेलची बाटली आणि कागदात बांधलेला शेंदूर. त्याचं कारण असं, की रानात हद्दीचा दगड फार दिवस नुसता दगड राहत नाही. जाता-येता कुणी हात जोडतं, कुणी शेंदूर फासतं, आणि बघता बघता त्याचा म्हसोबा होतो. शेंदराचे थर चढले की दगडावरची खूण दिसत नाही, आणि खूण दिसल्याशिवाय मोजणी होत नाही. अण्णा लिंगायत, गळ्यात इष्टलिंग. रानातल्या दगडापुढे वाकणं त्यांच्या घरात नव्हतं. ते रॉकेलच्या चिंधीनं देव पुसायचे, खूण बघायचे आणि मोजणीला लागायचे. मन्नाएखेळ्ळीकडच्या एका गावात बायकांनी त्यांना यावरून घेरलं. अण्णा शांतपणे म्हणाले, "देवाच्या छातीवर खूण हाय माय. तेवढी बगतो आन परत नटवून देतो." आणि खरंच, खोबरेल तेलात शेंदूर कालवून इतका एकसारखा हात फिरवला, की त्यातली एक म्हातारी म्हणाली, "आदीच्यापरीस झ्याक दिसायलाय." तेव्हापासून शेंदूर पिशवीत कायमचा.

तर या माणसाला निवृत्तीला एक वर्ष राहिलं असताना सरकारनं शिकवायला घेतलं.

बेंगळुरूहून एक टायवाला तरुण आला. तालुक्यातल्या, वर्षभरात निवृत्त होणाऱ्या अकरा जणांना एका खोलीत बसवलं. मी कागद वाटायला होते. तरुणानं गोड कानडीत सांगितलं, की निवृत्ती म्हणजे शेवट नव्हे, तिचा आराखडा करावा लागतो. आपल्याला आयुष्यात खरोखर मोलाचं काय वाटतं ते आधी शोधायचं, त्यावरून ध्येयं ठरवायची, आणि उरलेली वर्षं त्याप्रमाणे आखायची. मग म्हणाला, आता प्रत्येकानं आपापली पाच मूल्यं लिहा. पहिल्या बाकावरच्या हेडक्लार्कनं आरोग्य, कुटुंब, देवभक्ती, समाजसेवा, शांती असं लिहिलं. पाच मिनिटांत तीच पाच मूल्यं त्याच क्रमानं दहा कागदांवर पोचली. जीपच्या ड्रायव्हरनं तेवढं खाली आपलं ध्येय जोडलं होतं: दुपारी झोपणे. हे ध्येय होत नाही, असं तरुण म्हणाला. ड्रायव्हर चिडला. "सायेब, तीस वर्सं दुपारी झोपलो न्हाई. तुमी एक दिवस माझी जीप चालवून बगा, मग सांगा." तरुणानं ते ध्येय मान्य केलं.

अकरावा कागद कोरा होता. अण्णा उभे राहिले आणि विचारलं, "जागेवर जाऊन बघितल्याबिगर कसं लिव्हावं? घरी न्यावं का?"

त्यांनी तो घरी नेला. तरुण बेंगळुरूला परत गेला, प्रशिक्षण झाल्याची पावती आली, आम्ही सगळे विसरलो. महिन्यानं अण्णा रेकॉर्ड खोलीत आले आणि माझ्या टेबलावर एक गुंडाळी सोडली. नकाशा होता. जुन्या पद्धतीनं मेणकापडावर काढलेला, शाईचा, खाली प्रमाण लिहिलेलं: एक एकर बरोबर एक वर्ष. अण्णांचे वडील सत्त्याहत्तर वर्षं जगले होते. अण्णा साठाव्या वर्षी मोकळे होणार. म्हणून शीर्षक होतं: 'उरलेलं आयुष्य, सतरा एकर.'

मी हसले. मग नीट बघितलं आणि हसू थांबलं, कारण त्या माणसानं चेष्टा केलेली नव्हती. विहिरीजवळचे चार एकर काकूंच्या नावे काढले होते. दोन एकर 'पोरांना नकाशा वाचायला शिकवणे'. या भागातल्या शेतकऱ्याला आपल्याच रानाचा कागद वाचता येत नाही, आणि निम्मी भांडणं तिथूनच सुरू होतात, असं त्यांचं म्हणणं होतं. तीन एकर मोडी आणि उर्दूतले जुने कागद. चालण्याचा एक एकर सगळ्या रानाच्या कडेनं पाऊलवाटेसारखा काढलेला. नातेवाइकांना अर्धा एकर, तोही मुरमाड. आणि खरेदीखतात लिहितात तशी चतुःसीमा: पूर्वेस कचेरी, उत्तरेस मुलगा (हैदराबाद), दक्षिणेस दवाखाना, पश्चिमेस मृत्यू.

काकूंना तो नकाशा आधीच दाखवून झाला होता. त्यांनी आपले चार एकर बघून एवढंच विचारलं होतं, "ह्यात राबायचं कुनी?"

मी मात्र ईशान्येच्या कोपऱ्याकडे बघत होते. तिथं एक लहानसा तुकडा तांबड्या रेघांनी भरलेला होता आणि आत लिहिलं होतं: 'वादग्रस्त.'

"हे काय, अण्णा?"

"ते मोजायचं राहिलंय," म्हणाले आणि गुंडाळी काखेत मारून निघून गेले.

निवृत्त झाल्याच्या दुसऱ्या महिन्यात अण्णा सामान्य शेतकऱ्यासारखे खिडकीपुढे रांगेत उभे राहिले. नंबर आल्यावर अर्ज पुढे केला. एका गावातल्या एका रानाच्या जुन्या कागदाची नक्कल पाहिजे होती. गावाचं नाव वाचलं आणि मला एकदम काहीतरी आठवलं. त्या गावाची मोजणी निघाली की अण्णांना ताप यायचा. दर वेळी. माझ्या अकरा वर्षांत चारदा आला होता, आणि रजेचे चारही अर्ज मीच पुढे पाठवले होते.

मी त्यांना आत बसवलं. कधी नव्हे ते अण्णा खुर्चीच्या कडेवर टेकले, आणि सांगितलं.

नोकरीचं दुसरं वर्ष. वैशाखातलं ऊन. मेंढरं विकून शेतीला लागलेलं एक घर, दोन भाऊ, वाटणी झालेली आणि हद्दीवरून तंटा. अण्णांना घेरी आली. धाकट्याच्या बायकोनं लिंबाखाली बसवून तांब्याभर थंड आंबील दिली. ती पिऊन तरतरी आली आणि अण्णा उठले, ते लिंबाखालचा दगडच खुणेचा धरून तिथून साखळी टाकत निघाले. हद्दीचा खरा जुना दगड तेरा फूट पलीकडे, बाभळीच्या झुडपात होता. नवा दगड रोवला तो थोरल्याच्या रानात तेरा फूट आत. लांबचलांब पट्टा, सात गुंठे जमीन. थोरला ओरडत होता, की हे खोटं आहे. तेवीस-चोवीस वर्षांच्या अण्णांनी त्याला सगळ्या गावादेखत सुनावलं, की सरकारी साखळी खोटं बोलत नाही.

"सांजच्याला कचेरीत आलो, जुना कागद काढला," अण्णा म्हणाले. "त्यात सरळ लिव्हलेलं, बाभळीपशी. नोकरी पक्की झाली नव्हती, अक्का. मी कागद मिटला आन घरी गेलो. चूक उन्हानं झाली मनावं. गप बसणं माझं मी केलाव."

तेव्हा मला थर्मासचा अर्थ लागला. इतकी वर्षं आम्ही ज्याला हसत होतो, ती त्या माणसाची शिक्षा होती. मला फार वाईट वाटलं, आणि थोडी लाजही.

"थोरला फेरमोजणी मागंल म्हणून वाट बगायलो. आज मागंल, उद्या मागंल. अर्ज आलाच न्हाई. त्या टायवाल्या पोरापुढं मी मूल्यांचा कागद कोरा ठिवला, त्याचं कारण हे. मला एकच लिव्हायचं व्हतं, खरी मोजणी. आन हात उठंना."

"मग इतकी वर्षं का थांबलात?"

"पेन्शन चालू झाल्यावर खरं बोलायचं ठरवलाव," अण्णा म्हणाले. "एवढा मी शूर हाय."

मी समजावून बघितलं. म्हटलं, झोपलेलं भांडण जागं होईल, दोन घरं पुन्हा कोर्टात जातील, माणसं हातघाईवर येतील. अण्णा म्हणाले, ज्याचं रान त्याला कळलं पाहिजे. पुढं त्यानं काय करायचं ते त्याचं त्यानं ठरवावं. फेरमोजणीचा अर्जही लिहून तयार होता, थोरल्याच्या घरच्यांच्या सहीपुरता. मी काकूंकडे गेले, तर त्या उलट मलाच म्हणाल्या, "जाऊ दे त्येंना. माझ्या चार एकरांतला एक दिवस तिकडं गेला तरी चालंल. झोपंत साखळीच्या कड्या मोजायलेत तीस वर्सं."

शेवटी माझ्याच स्कूटीवरून निघालो. खटकचिंचोळीच्या पुढे रस्ता सोडून आत, तुरीच्या रानांतून. दोन दिवस भुरभुर चालू होती, वाट निसरडी. अण्णा मागं बसलेले, मांडीवर पिशवी, पिशवीत अर्ज. रॉकेल हल्ली औषधालाही मिळत नाही, पण बाटलीच्या तळाशी उरलेलं त्यांनी या दिवसासाठी जपून ठेवलं होतं.

वाटेत एका म्हाताऱ्याला रस्ता विचारला. तो म्हणाला, "मोजणप्पाला जायलाव का? सरळ जावा. घंटा दिसंल."

"कोन मोजणप्पा?" अण्णांनी विचारलं.

"देव हाय बांधावरला. लै कडक. भांडण आसलं की दोगांनी दोन बाजूनं हात लावायचा, खोटं बोलनाऱ्याचा हात थरथरतोय. येळवशीला, मार्गशीर्षातल्या अवसंला, जत्रा भरतीय."

मागून अण्णांनी माझ्या खांद्यावर टकटक केली, पुढं चल म्हणून.

बांधावर पत्र्याचं छप्पर होतं. त्याखाली घंटा, वाळलेल्या झेंडूच्या माळा, नारळाच्या शेंड्यांचा ढीग, आणि मधोमध शेंदरानं गुटगुटीत झालेला एक दगड. अण्णा खाली उतरले. बाभूळ आता राहिली नव्हती, पण झुडपात तिचा बुंधा सापडला. तिथून त्यांनी पावलं टाकली, शेवटचं पाऊल मोजपट्टीनं तपासलं, आणि देवापाशी येऊन थांबले.

"तेरा फूट," म्हणाले. "बरोब्बर तेरा."

चूक होती, पण नेमकी होती. त्याचा एक बारीकसा अभिमान त्यांच्या आवाजात मला ऐकू आला, खोटं कशाला सांगू.

मग त्यांनी चिंधी काढली. बाटलीचं बूच उघडलं. गावोगावचे देव पुसलेला तो हात या देवापुढं मात्र हवेतच अडकला. तेवढ्यात पलीकडच्या शेतघरातून आवाज आला.

"कोन हाय ते? देवाला काय लावायलाव?"

सत्तरीपुढची बाई, कमरेत वाकलेली, हातात खुरपं. थोरल्याची बायको. थोरला जाऊन बरीच वर्षं झाली होती. अण्णांनी डोक्यावरची टोपी काढली. मी त्यांना साहेबापुढेही टोपी काढताना पाहिलं नव्हतं.

"अव्वा, मला वळखलाव का?"

तिनं डोळ्यांवर हात धरून बघितलं. "साखळीवाले सायेब न्हवं? केस पांढरे झाले की वो तुमचे."

अण्णांनी उभ्याउभ्याच सगळं सांगितलं. आंबील, लिंबाखालचा दगड, बाभळीपाशी लिहिलेला कागद, मिटलेलं तोंड. मध्ये थांबले नाहीत. "तुमची सात गुंठे जमीन माझ्यामुळं गेली, अव्वा. तुमचे मालक खरं बोलायलते. मी खोटा व्हतो."

बाई ऐकत होती. ऐकून झाल्यावर म्हणाली, "व्हय की. ठाऊक हाय."

"काय ठाऊक हाय?"

"तेरा फूट. मोजणीच्या दुसऱ्याच दिवशी म्या शेळीच्या दाव्यानं मोजलं व्हतं. बाभळीखालला दगड मला ठाऊक न्हाई व्हय? नवी नवरी आसताना तितंच शेळ्या बांधत व्हते."

"मग अर्ज कामून केला न्हाई?"

"कोन करनार? मालकानं कुऱ्हाडीला धार लावाय घेतली व्हती, अर्ज कुठून सुचतोय त्येंना. म्या मनलं, सात गुंठ्यांपाई एक तर माझं कुंकू जातंय, न्हाईतर जावंचं जातंय. हुलसूरच्या बाजारातून शेंदूर आणला, तुमच्या दगडाला फासला, नारळ फोडला आन गावाला सांगटलं, सपनात देव आला, मनला मला हलवू नका. मालक देवाला लै भ्यायचे. कुऱ्हाड ठिवून दिली."

"खरंच आला व्हता सपनात?" मी न राहवून विचारलं.

"कशाचा देव! मला सपनात बी शेळ्याच दिसत्यात."

अण्णांनी पलीकडच्या रानाकडे बोट केलं. तिथं एक म्हातारा तुरीत वाकून तण काढत होता. "आन धाकल्याला?"

"त्याला तर समद्यांच्या अगुदर ठाऊक. पयल्याच वर्सी भिऊन तुरीची रास घिऊन आला. मनला, वैनी, देवाच्या पट्टीतली हाय, तुमी घ्या. तवापून दर वर्सी आणून टाकतोय. येळवशीला दोन्ही घरं हितंच जेवायला बसतेत."

"मंजी गावात समद्यांला ठाऊक हाय?"

"व्हय की. तुमीच तेवढं राहिलाव."

अण्णा मटकन बांधावर बसले. देवाकडे बघितलं, बाभळीच्या बुंध्याकडे बघितलं, मग हातातल्या चिंधीकडे. आणि मी त्यांची दखनी दुसऱ्यांदा ऐकली.

"तो मैं इत्ते सालाँ कायकू मरा?"

"ते मला काय ठाऊक, सायेब," बाई म्हणाली. "एकदा येऊन इचारायचं व्हतं."

पलीकडे खुरप्याचा आवाज येत होता. मग अण्णांनी चिवटपणे पिशवीतून अर्ज काढला. जित्याची खोड, दुसरं काय. म्हणाले, "तरी पण अव्वा, खरी हद्द कागदावर यावी. हितं अंगठा करा. खोटं तसंच ठिवायचं का?"

बाईनं अर्ज उलटासुलटा करून पाहिला. "अंगठा दिला तर देव जातोय. देव गेला की दोन्ही घरची पोरं मोठी झालीत, आन ती कुऱ्हाड आजून आडभितीला टांगलेली हाय. आन खोटं कुठं राहिलं आता? तुमी बोललाव, म्या ऐकलाव." मग तिनं पिशवीत डोकावलं. "शेंदूर हाय का? औंदा लै फिका पडलाय."

अण्णांनी पुडी काढून दिली. ती तिनं घेतली नाही. "तुमीच लावा. दगड तुमचा."

गळ्यात लिंग असलेल्या त्या माणसानं हात जोडले नाहीत. पण तेल मागून घेतलं, शेंदूर कालवला, आणि खाली बसून आपल्या चुकीवर एकसारखा हात फिरवला. कोपरेसुद्धा सोडले नाहीत. मी बाजूला उभी राहून घंटेकडे बघत होते, कारण दुसरीकडे बघितलं असतं तर मला रडू आलं असतं.

तोवर बाई आत जाऊन बाहेर आली. "तुराट्या वल्ल्या झाल्यात, चूल धरंना. त्या बाटलीत रॉकेल हाय न्हवं?" बाटली घेतली. दुसऱ्या हातात अजून अर्ज होताच, तोही घेऊन गेली. देव पुसायला आणलेलं रॉकेल आणि हद्द सरकवायला आणलेला कागद दोन्ही एका चुलीत गेले, आणि जराशा वेळात दोन कप बाहेर आले.

अण्णांनी कपाकडे पाहिलं. सवयीनं त्यांचा हात थर्मासकडे गेला आणि परत आला. मग त्यांनी कप उचलला आणि तळापर्यंत प्यायले. चहाला रॉकेलचा वास येत होता, मला तर दोन घोटांपुढे जाईना. अण्णांनी आणखी अर्धा कप मागितला.

"आता धाकल्याच्या घरला बी घ्या," बाई म्हणाली, "न्हाईतर बांध सरकायचा." आणि तिनं तुरीतल्या म्हाताऱ्याला हाक मारली.

परत येताना आम्ही डांबरी रस्त्याला लागलो. तेव्हा अण्णा मागून म्हणाले, "अक्का, वादातला तुकडा मोकळा झाला. आता त्यात काय पेरावं?" मी म्हटलं, पोरांना शिकवायचे दोन एकर वाढवा. जुन्या कागदांना द्या. काकूंना द्या.

सतरा एकर काही पुरे झाले नाहीत, दहाव्या वर्षीच अण्णा गेले. पण तेवढ्यात तालुक्यातली कितीतरी पोरं नकाशा वाचायला शिकली. काकूंच्या चार एकरांत कोण राबलं ते काकूच जाणोत, पण अण्णा भाकरी थापायला शिकले होते, एवढं मी डोळ्यांनी पाहिलंय. थापल्यावर पट्टी घेऊन व्यास मोजायचे. आणि दर येळवशीला सकाळच्या बसनं एकटेच कुठंतरी जायचे. कुठं, ते मला माहीत होतं. थर्मास घरी ठेवून जायचे.

अण्णांचे दिवस झाल्यावर काकू ती गुंडाळी माझ्याकडे घेऊन आल्या. म्हणाल्या, "तुला कळतंय ह्यातलं, तूच ठेव." त्या गेल्यावर मी मेणकापड टेबलावर पसरलं आणि आधी ईशान्येचा कोपरा बघितला. तांबड्या रेघा खरवडून काढल्या होत्या. 'वादग्रस्त' वर एक बारीक आडवी रेघ. त्याखाली, कचेरीच्या कागदावर शेरा लिहावा तसं, त्या सुबक अक्षरात लिहिलं होतं:

'पडीक. चहापुरती वहिवाट.'